बूट सोडण्याआधी

संपाच्या एक्केचाळिसाव्या दिवशी शिट्टीमास्तरांनी सकाळी उठून घरातली चौथी खुर्ची दुरुस्त केली. आधीच्या तीन करून झाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर चारांतली एकही मोडलेली नव्हती. जो माणूस एकवीस वर्षं मैदानावर शिट्टी घेऊन धावला, बावीस दांडगटांना ज्याने धाकात ठेवलं, त्याला सहा आठवडे घरात कोंडलं तर तो दुसरं काय करणार? घरच्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार.

"अहो, त्या खुर्चीला एकदाचं लाल कार्ड दाखवा आणि सोडा तिला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "दहाला बैठक आहे ना? निघा आता."

बैठक होती. आणि बैठकीचं नाव काढलं की मास्तरांच्या पोटात गोळा यायचा. तो का येतो हे जगात तिघांनाच ठाऊक होतं, आणि बायको त्या तिघांत नव्हती.

आधी भांडण काय होतं ते सांगून टाकलेलं बरं. फुटबॉलच्या मोठ्या लीगने त्या मोसमात एक टूम काढली. एका खोलीत चौदा पडदे लावले, समोर माणसं बसवली आणि पंचांच्या चुका मोजायला सुरुवात केली. मोसमात तीन ठळक चुका भरल्या की पंचाला नारळ. विचारणं नाही, ऐकणं नाही, थेट पत्र. पहिलं पत्र गेलं रेषेवरच्या एका पंचाला. त्याला सगळे झेंडेवाला म्हणायचे. एका सामन्यात अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक खेळाडू बचावफळीच्या चांगला हातभर पुढे, ढळढळीत ऑफसाइड उभा होता. झेंडा वर जायला हवा होता. तो गेला नाही. गोल झाला, सामना फिरला, चार दिवस सगळीकडे बोंबाबोंब झाली, आणि पडदेवाल्यांनी झेंडेवाल्याच्या नावापुढे तिसरी फुली मारली.

त्यावर बत्तीसच्या बत्तीस पंचांनी शिट्ट्या खाली ठेवल्या. मागणी एकच. काढायचं तर काढा, पण आधी आमचं ऐकून घ्या. अहो, चोराचंसुद्धा ऐकतात! लीगनेही हट्टाने बदली पंच उभे केले. त्यातल्या एकाने एकाच खेळाडूला दोनदा पिवळं कार्ड दाखवलं आणि त्याला बाहेर काढायचंच विसरला. दुसऱ्याचं घड्याळ बंद पडलं, तर त्याने अंदाजाने सामना संपवला, सात मिनिटं आधी. प्रेक्षक, जे जन्मभर पंचांना शिव्या घालत आले, ते आता जुन्या पंचांची आठवण काढू लागले. माणसाची किंमत तो नसताना कळते म्हणतात, ते असं.

संघटनेचे अध्यक्ष शिट्टीमास्तर. त्यांच्याइतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, असं सगळ्यांचं मत. आणि झेंडेवाला कोण? मास्तरांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

भावावर अन्याय झाला म्हणून बायको पेटून उठेल, असं कुणालाही वाटेल. छे! ती पेटली ती भावावरच. "लहानपणापासून हा असाच," ती म्हणायची. "पाच वर्षांचा होता तेव्हा समोर दूध उतू गेलं तरी नुसता बघत उभा. अख्खं पातेलं गेलं. आजही तसाच उभा राहिला, आणि ह्याच्या पायी बत्तीस घरं टांगणीला लागली." संपाच्या तिसऱ्या दिवशी झेंडेवाला बहिणीकडे आला, तर तिने त्याला दारातच अडवलं. "हे मिटेपर्यंत माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"बरं, ताई," असं म्हणून तो हसला आणि जिना उतरून गेला. मास्तर तिच्या मागेच उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

कारण चूक झेंडेवाल्याची नव्हतीच. मास्तरांची होती.

त्या सामन्यात पहिल्या अर्ध्या वेळात झेंडेवाल्याने एकदा झेंडा उचलला होता. बारीकसा ऑफसाइड, केसाएवढा, पण बरोबर. त्या झेंड्यावरून प्रेक्षकांनी असा गिल्ला केला की मास्तरांना आपलीच शिट्टी ऐकू येईना. एकवीस वर्षांत त्यांना लोकांची भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. मध्यंतरात ते मेहुण्यावर खेकसले, "सारखा झेंडा नाचवू नकोस. मी कानात सांगेपर्यंत हात वर करायचा नाही. समजलं?" दोघांच्या कानांत यंत्र होतं, मास्तर बोलले की त्याला ऐकू जायचं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला झेंडेवाल्याने ऑफसाइड पाहिला आणि मास्तरांच्या शब्दाची वाट बघत थांबला. मास्तर तेव्हा पलीकडे दोघांची धक्काबुक्की सोडवत होते. शब्द आलाच नाही.

मग हे मास्तरांनी कबूल केलं नाही का? केलं! त्याच दिवशी केलं. आता पंचांची एक रीत सांगायला हवी, बाहेर कुणाला माहीत नसलेली. सामना संपला की पंच आपल्या खोलीत येतात, बाकावर बसतात, आणि बूट सोडण्याआधी प्रत्येक जण त्या दिवशीच्या आपल्या चुका सांगतो. फक्त आपल्या, दुसऱ्याच्या नाही. सांगून झालं की लेस सोडायच्या. लेस सुटल्या की विषय संपला. त्या चुका पुन्हा कुणी काढत नाही, मैदानावर नाही, घरी तर नाहीच. बूट सुटले, चूक सुटली. जुन्या पंचांनी ही रीत घालून दिली होती. ती होती म्हणून माणसं खरं बोलायची आणि पुढच्या सामन्याला ताठ मानेने उभी राहायची.

त्या दिवशीही मास्तर बाकावर बसून म्हणाले होते, "माझी चूक. ह्याचा हात मी बांधला." त्यावर झेंडेवाला म्हणाला होता, "हात माझा होता. तो वर करायचा की नाही, हे मी ठरवायचं होतं." तिघांनी लेस सोडल्या. तिसरा होता पलीकडच्या रेषेवरचा पंच, अंगाने भरलेला, आवाजाने त्याहून भरलेला, संघटनेचा चिटणीस.

पाच दिवसांनी झेंडेवाल्याच्या हातात पत्र पडलं. मास्तर तडक लीगकडे निघाले होते, पण झेंडेवाला दारातच आडवा आला. "भाऊजी, लेस सुटल्यात. तुम्ही ती खोली उघडलीत तर उद्यापासून तिथे कुणी तोंड उघडणार नाही. आणि तुमच्या नावावर दोन फुल्या आहेत. ही तिसरी लागली की तुम्हीही घरी. मग ह्या बत्तीस जणांना कोण बघणार?"

मास्तर थांबले. लोकांसाठी थांबले, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण आतून एक छोटासा, लाजिरवाणा श्वास सुटला होता, बरं झालं ह्याने अडवलं म्हणून. तो श्वास त्यांना एक्केचाळीस दिवस टोचत होता. तिकडे सभेत टाळ्या त्यांना, आणि इकडे जेवताना बायकोच्या तोंडून मेहुण्याला शिव्या.

लीगची कचेरी पाचव्या मजल्यावर. लांबलचक टेबल, काचेच्या कपाटात चषक, कोपऱ्यात चहाचा मोठा थर्मास. पलीकडे लीगचे संचालक बसले होते. एकेकाळचा नावाजलेला गोलरक्षक, पंजे सुपाएवढे. शेजारी चष्मा लावलेल्या वकीलबाई. अलीकडे मास्तर, चिटणीस, आणि टोकाच्या खुर्चीवर झेंडेवाला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा अंग चोरून.

वकीलबाईंनी कागद वाचला. कलम एक, यापुढे कुठल्याही पंचावर कारवाई करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. चिटणीसाने टेबलाखाली मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारली. जिंकलो! मग वकीलबाईंनी पान उलटलं. कलम दोन, झेंडेवाल्याची बडतर्फी कायम राहील. मागचं मागे.

"एक माणूस," संचालक म्हणाले. "आम्हालाही लोकांना तोंड दाखवायचंय. बत्तीसातल्या एकतीस जणांचं भलं होतंय, आणखी काय हवं?"

"घ्या, मास्तर," चिटणीस कुजबुजला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला, टेबलभर ऐकू गेलं. "पदरी पडलं, पवित्र झालं."

टोकाच्या खुर्चीवरून आवाज आला, "भाऊजी, करा सही. माझं मी बघतो काहीतरी."

हसत म्हणाला. तेच हसू, जे घेऊन तो जिना उतरून गेला होता. मास्तरांनी पेन उचललं. प्रत्येक कलमाखाली दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सही करायची होती. कलम एकखाली संचालकांनी केली, मग मास्तरांनी. कलम दोनखाली संचालकांनी केली आणि कागद पुढे सरकवला.

मास्तरांचा हात कागदावर टेकला आणि तिथेच राहिला.

"बाई, एक विचारू?" ते म्हणाले. "कलम एक कधीपासून लागू?"

"सही झाली तेव्हापासून."

"म्हणजे आत्ता लागू आहे. मग कलम दोनच्या आधी एका पंचाचं म्हणणं ऐकून घ्या."

वकीलबाईंनी झेंडेवाल्याकडे बघितलं. "यांचं?"

"नाही. माझं."

झेंडेवाला ताडकन उठला. "भाऊजी, नको!" पण मास्तर टेबलाखाली वाकले होते. आपल्या बुटांच्या लेस त्यांनी एकदा चाचपल्या. बांधलेल्या होत्या, घट्ट. ते सरळ बसले आणि बोलले. मध्यंतरात काय झालं, प्रेक्षकांना ते कसे घाबरले, मेहुण्याला काय हुकूम दिला, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपण कुठे बघत होतो, सगळं. आवाज दोनदा चिरकला. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी मागितलं.

चिटणीसाचा चेहरा लालबुंद झाला होता. "मास्तर! खोलीतलं बाहेर काढलंत?"

"माझंच काढलं. दुसऱ्या कुणाचं नाही. माझी चूक माझ्या मालकीची आहे, ती मी चौकात उभा राहूनही सांगेन."

"तुमच्या नावावर आधीच दोन आहेत," वकीलबाई हातातला कागद बघत हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"कुठली खोली?" संचालकांनी विचारलं. "हा काय प्रकार आहे?"

मग मास्तरांनी तीही रीत सांगितली, बाक, बूट, लेस. सांगून झाल्यावर त्यांनाच काहीतरी सुचल्यासारखं झालं. "साहेब, त्या सामन्यात तुमच्या चौदा पडद्यांना आमच्या किती चुका सापडल्या?"

वकीलबाईंनी कागद चाळले. "एक."

"आम्ही त्या दिवशी बाकावर पाच मोजल्या. तीन माझ्या. हा हुकूम एक. धक्काबुक्कीच्या वेळी नको त्या जागी उभा होतो, ती दोन. आणि पहिल्या अर्ध्यात एक कॉर्नर दिला, तो कॉर्नर नव्हताच, ती तीन. उरलेल्या दोन कुणाच्या ते मी सांगणार नाही."

संचालकांनी बोटांवर मोजलं, तीन.

"चौथी माझी," झेंडेवाला उभ्या उभ्या म्हणाला. "हे काहीही सांगोत. हात माझा होता."

आता सगळे चिटणीसाकडे बघायला लागले. चिटणीसाने छताकडे बघितलं. कपाटातल्या चषकांकडे बघितलं. शेवटी नाइलाजाने टेबलाकडे बघत तो गुरगुरला, "पाचवी माझी. घरी मुलगी तापाने फणफणलेली होती, माझं लक्ष नव्हतं. थ्रो उलट्या बाजूला दिला. झालं समाधान?"

संचालकांनी आपले दोन्ही पंजे तोंडावर ठेवले. खांदे हलायला लागले. रडतात की काय, असं वाटून वकीलबाई घाबरल्या. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"अकरा वर्षं मी खेळलो," ते म्हणाले. "अकरा वर्षं आमच्या खोलीत बसलो. 'माझी चूक' असं कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. मी तर नाहीच. सुटलेल्या प्रत्येक गोलानंतर आम्ही फक्त पंचांच्या नावाने बोटं मोडायचो. आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून हे करत होतात?" त्यांनी कलम दोनवर, आपल्याच सहीवरून, आडवी रेघ मारली. "बाई, तीन चुकांचा नियमही काढा. ह्या हिशेबाने मास्तरांना एका दुपारीच नारळ द्यावा लागेल, आणि मग परत तो बंद घड्याळवाला येईल. त्याच्यापुढे मी हात टेकले."

"पण शिक्षा काहीच नाही?" वकीलबाई म्हणाल्या. "लोक विचारतील."

"पहिला सामना दोघेही बाहेर बसतील. मास्तर आणि मेहुणे. शेजारी शेजारी."

"आणि त्या खोलीतलं बोलणं आम्हाला नोंदवता येईल का? उपयोगी आहे."

"नाही," तिघे पंच एका सुरात म्हणाले. मास्तरांनी पुढे जोडलं, "तिथे यंत्र लावलंत की दुसऱ्या दिवसापासून चुका बंद होतील. खोलीतल्या. मैदानावरच्या नाही होणार."

संचालकांनी मान डोलावली आणि खाली आपल्या पायांकडे बघितलं. "मला जमायचं नाही ते. माझ्या बुटांना लेसच नाहीत." त्यांनी सर्वांसाठी चहा ओतला, स्वतःच्या हाताने, आणि निम्मा टेबलावर सांडला.

खाली रस्त्यावर आल्यावर चिटणीसाने मास्तरांना एक सणसणीत शिवी दिली आणि मग असं मिठीत घेतलं की त्यांच्या बरगड्या कुरकुरल्या. झेंडेवाला मात्र रागावलेला होता. खरंच रागावलेला. "नोकरी घालवून बसला असतात. ताईला काय तोंड दाखवलं असतंत?"

"तेच तर," मास्तर म्हणाले. "तिलाच दाखवायचं राहिलंय. ये, चल घरी."

"मला पाऊल टाकायला बंदी आहे," तो म्हणाला. आता तो हसला नाही. "तुम्ही व्हा पुढे."

चारच्या सुमाराला मास्तरांनी घराची बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि नुसतं तोंडाकडे बघितलं.

"मिटलं," मास्तर म्हणाले. "सगळे कामावर. तुझा भाऊही."

"सुटलो बाई एकदाचे!" तिने दाराला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "या आत. काढा ते बूट, चहा टाकते."

"बूट असू देत." मास्तर दाराशी, चपलांच्या फळीपाशी ठेवलेल्या स्टुलावर बसले. "आधी ऐक." आणि पाचव्या मजल्यावर सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. तिथे सोपं होतं, हे त्यांना इथे कळलं.

बायको ऐकत राहिली. मग जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. "एक्केचाळीस दिवस! एक्केचाळीस दिवस माझ्यासमोर बसून जेवत होतात! मी त्या गरिबाला ह्याच दारातून घालवला, आणि तुम्ही मागे उभे होतात, खांबासारखे!"

"हो."

"हो काय, हो? लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली."

ती तरातरा आत निघून गेली. भांडं आदळलं, नळ सुटला, नळ बंद झाला. मास्तर स्टुलावर बसून होते. आणि गंमत अशी की शिव्या खाऊनसुद्धा सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या पोटातला गोळा जागेवर नव्हता. त्यांनी शोधला. खरंच नव्हता.

बायको बाहेर आली. फळीवरच्या आपल्या चपला तिने ओढून घेतल्या आणि पायात घातल्या. मग आतून एक खुर्ची आणून, मास्तरांनी दुरुस्त केलेली, ती त्यांच्या शेजारी बसली. चपला घालून घरात! ही तीच बाई, जिने पाहुण्याच्या धुळीच्या पायांवरून नात्यातली दोन घरं तोडली होती.

"आता माझी ऐका," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "ते दूध. आईने माझ्यावर सोपवलं होतं. मला मैत्रिणीकडे पळायचं होतं, म्हणून मी ह्याला शेगडीपाशी उभा केला. म्हटलं, मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पाच वर्षांचं पोर. दूध वर येताना तो माझ्या वाटेकडे बघत होता. मी आले तेव्हा आई त्याला मारत होती, आणि मी दारात उभी होते."

"खांबासारखी," मास्तर म्हणाले.

"खांबासारखी." तिने पदराने नाक पुसलं. "तीस वर्षं झाली. त्याने कधी तोंडातून काढलं नाही. आणि मी बघा, जगाला त्याचीच गोष्ट सांगत फिरले."

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तो तिला लाथा मारत होता. मग ती उठली, किल्ली घेतली.

"कुठे निघालीस?"

"चपला घातल्याच आहेत, तर जाऊनच येते त्याच्याकडे. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?" ती चार पायऱ्या उतरली, थांबली आणि वळून म्हणाली, "आणि तुम्ही आता काढा ते बूट. तिघांचा चहा टाकून ठेवा."

मास्तर वाकले. सकाळी दुहेरी गाठ मारली होती, ती जरा वेळ घेत होती. खाली तिच्या चपलांचा आवाज भराभर लांब गेला. गाठ सुटली, मास्तरांनी बूट फळीवर नीट ठेवले आणि ते आत जाऊन चहाचं आधण ठेवायला लागले.